पालेर्मोत मंडई आणि स्वयंपाकाचा क्लास: साडेतीन स्टार, त्यातले तीन काकूंचे

आधीच सांगते, नाव लिहीत नाहीये. अर्ध्या तक्रारी बुकिंगवाल्या कंपनीच्या आहेत आणि ज्या काकूंच्या घरी आम्ही जेवलो त्यांचा त्यात फारसा दोष नाही, उगाच त्यांचं रेटिंग पडायचं. पालेर्मोत असे क्लास ढिगाने आहेत, सकाळी बाजारात फिरवतात, मग घरी नेऊन चार पदार्थ करायला लावतात आणि तेच जेवायला घालतात. तुम्ही सिसिलीला जाऊन असला कुठलाही क्लास बुक करणार असाल आणि घरात एक जरी शाकाहारी माणूस असेल तर हे वाचा आणि मग पैसे भरा.

आम्ही चौघं, मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. नवऱ्याचं काम दोन वर्षं मिलानला आहे, सासूबाई सांगलीहून २०२४ च्या दिवाळीला आल्या होत्या, आणि मिलानमध्ये दिवाळीत थंडीने कुडकुडण्यापेक्षा खाली दक्षिणेला जाऊया असं ठरलं. क्लास ३१ ऑक्टोबरचा मिळाला म्हणजे नेमकी नरकचतुर्दशी, त्यामुळे पहाटे भाड्याच्या फ्लॅटमधल्या त्या टीचभर शॉवरखाली उटणं लावून अभ्यंगस्नान झालं, फराळ झाला, आणि एक डबा चकल्यांचा सासूबाईंनी पर्समध्ये टाकला. कशाला विचारलं तर म्हणाल्या, "कुणाच्या घरी जेवायला जातोय ना? मग हात हलवत जायचं?" ८५ युरो माणशी भरून जेवायला जातोय हे त्यांना सांगितलं नव्हतं. अजूनही सांगितलेलं नाही. लेकीचे अर्धे धरून जवळजवळ ३०० युरो झाले.

भेटायची जागा क्वात्रो कांती, म्हणजे जुन्या शहरातला तो गोलसर चौक, चारही कोपऱ्यांना सारख्या दिसणाऱ्या नक्षीदार भिंती. वेळ साडेनऊची. काकू आल्या दहाला पाच कमी असताना, अजिबात न घाबरता, हसत. सोबत त्यांची भाची, इंग्रजी तीच बोलते. काकू पासष्टीच्या असतील, बुटक्या, हातात चाकं लावलेली बाजाराची पिशवी. साइटवर 'जास्तीत जास्त सहा जण' लिहिलेलं आणि आम्ही मोजून नऊ होतो. ही पहिली तक्रार.

पण बाजार! त्यासाठी मी पूर्ण पाच देते. बाल्लारो पालेर्मोतल्या सगळ्यात जुन्या बाजारांपैकी एक, आत शिरलं की आधी कानांवर आदळतो. भाजीवाले, मासळीवाले नुसते ओरडत नाहीत, एक लांबलचक हेल काढतात, शेवटचा स्वर ओढत नेतात आणि मग पलीकडचा त्याच्यावर चढवून स्वतःचा लावतो. ह्याला तिथे 'आब्बान्नियाता' म्हणतात. भाचीने सांगितलं की शब्द कळणं महत्त्वाचं नाही, गिऱ्हाइकाला आवाजावरून कळतं कोणाकडे काय आहे. सासूबाई म्हणाल्या, आमच्या आठवडी बाजारात काय वेगळं असतं. आणि खरंच, पाच मिनिटांत त्या अशा रुळल्या की आम्हीच त्यांच्यामागे.

पहिल्यांदा त्या थांबल्या ते मीटरभर लांब, फिकट हिरव्या, काठीसारख्या भाजीपाशी. "दुधी!" खरंच दुधी. तिकडे त्याला कुकुत्सा म्हणतात आणि मजा म्हणजे फळापेक्षा जास्त भाव त्याच्या कोवळ्या पाल्याला, 'तेनेरूमी', जुड्या बांधून ठेवलेल्या होत्या. उन्हाळ्यात त्याचं पातळ सूप करतात, त्यात स्पगेट्टीचे तुकडे मोडून टाकतात. सिझन संपत आला होता म्हणून जुड्या जरा सुकलेल्या, तरी सासूबाईंनी एक उचलून वास घेतला आणि विक्रेत्याने काही न बोलता त्यांना ताजी काढून दिली. हे जगात सगळीकडे चालतं वाटतं.

पुढे एका टपात गडद लाल, जवळजवळ काळपट असा गोळा, वर चमचा खोचलेला. मला वाटलं मिरचीचा ठेचा. निघाला टोमॅटो. 'स्त्रात्तू' म्हणतात. ऑगस्टच्या कडक उन्हात टोमॅटोचा रस मीठ घालून लाकडी फळ्यांवर पसरतात, दिवसभर हाताने फिरवत राहतात, आटत आटत असा घट्ट होईपर्यंत, आणि मग वर्षभर चमचा चमचा वापरतात. म्हणजे वाळवणच की हो! काकूंनी हाताने फळी, ऊन, घाम असं सगळं करून दाखवलं, सासूबाईंनी हाताने कुरडईचा सोऱ्या फिरवून दाखवला, भाची मध्ये उभी राहून कुठलं भाषांतर करू अशा चेहऱ्याने बघत होती. शेवटी तिने नाद सोडला.

फड्या निवडुंगाची बोंडं पण होती, लाल, पिवळी, हिरवट. नाव काय तर 'फीको दिंदिया', भारताचं अंजीर! ते मुळात मेक्सिकोकडचं, भारताशी त्याचा काही संबंध नाही, पण त्या माणसाला आम्ही भारतातले आहोत कळल्यावर त्याने 'तुमचंच आहे' म्हणून चौघांना फुकट सोलून दिलं. दोन टोकं उडवायची, उभा एक काप द्यायचा आणि साल गुंडाळून काढायची, बोटाला काटा न लागता. हे शरदातलं फळ मुद्दाम उशिरा आणतात, जूनमध्ये पहिला फुलोरा झाडून टाकतात म्हणजे दुसऱ्यांदा फुलतं आणि पावसानंतर मोठं, रसाळ फळ मिळतं. बिया मात्र मरणाच्या. सीताफळ बरं.

नवऱ्याने प्लीहेचं सँडविच खाल्लं (हो, वासराची प्लीहा, उकडून, मग डुकराच्या चरबीत परतून, तिळाच्या पावात). त्यात दोन प्रकार असतात, नुसतं लिंबू पिळलेलं म्हणजे 'स्केत्ता', म्हणजे अविवाहित, आणि वर चीज घातलेलं म्हणजे 'मारिताता', लग्न झालेलं. नवऱ्याने अविवाहित मागितलं. ह्यावर मी इथे काही लिहीत नाही. त्याच्या मते चव कलेजीच्या जवळची पण स्पंजासारखं लागतं, एकदा पुरे.

बाहेर पडताना तीनचाकी आपे दिसली, मागे काचेचं कपाट, त्यात जाड, स्पंजी पिझ्झासारखा स्फिंचोने, आणि लाउडस्पीकरवर रेकॉर्ड केलेली आरोळी. आपे बघून नवरा भलताच भावूक, कारण पियाजिओची ही गाडी आपल्याकडे बारामतीत बनते आणि अख्खा महाराष्ट्र त्यात दाटीवाटीने बसलाय. आरोळीचा अर्थ भाचीने सांगितला तेव्हा मी दोनदा विचारलं. तो विक्रेता म्हणत होता, 'तेल कमी आणि धुळीने भरलेला'! स्वतःच्या मालाबद्दल! पालेर्मोची जुनी गंमत आहे म्हणे. आपल्या पुण्यातल्या दुकानदारांना सांगायला पाहिजे, ते इतकी वर्षं हेच करतात पण गिऱ्हाइकाबद्दल.

आता घर. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुसरी तक्रार, आणि मोठी, कारण बुकिंग करताना मी मेसेजमध्ये स्पष्ट विचारलं होतं की ७१ वर्षांच्या बाई आहेत, गुडघे दुखतात, आणि उत्तर आलं होतं 'काही प्रॉब्लेम नाही'. प्रॉब्लेम होता. जुन्या दगडी उंच पायऱ्या, मध्ये दोनदा बसल्या सासूबाई. काकूंनी वरून बघितलं, भाचीला काहीतरी ओरडल्या आणि स्वतः खाली येऊन हाताला धरून घेऊन गेल्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. काकू स्वतः जिना कसा टाळतात तेही कळलं: बाल्कनीच्या कठड्याला दोरी आणि दोरीला वेताची टोपली, 'पानारू'. पाववाला खाली आला की पैसे टाकून टोपली सोडायची, पाव टाकला की वर ओढायची. लेकीला हा क्लासमधला सगळ्यात भारी भाग वाटला, तिने रिकामी टोपली सहा-सात वेळा खालीवर केली. सासूबाई म्हणाल्या, गिरगावात आमच्या आत्याकडे पिशवी सोडायचे.

स्वयंपाकाकडे येते. पहिला पदार्थ पानेल्ले. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ. बेसन हो, बेसनच. एक भाग पीठ, तीन भाग पाणी, मीठ. गार पाण्यात आधी कालवायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग गॅसवर ठेवून एकाच दिशेने ढवळत राहायचं, कडा सोडायला लागलं की चिरलेली पार्सली, मिरपूड. सासूबाई दारात खुर्चीवर बसून बघत होत्या. काकूंनी ताटल्या मांडल्या, त्यावर गरम मिश्रणाचा गोळा टाकून सुरीने भराभर पातळ पसरायला लागल्या, आणि सासूबाई उठल्या. गुडघेबिडघे सगळं विसरून. "अगं, ही पाटवडी!" म्हणाल्या आणि काकूंच्या हातातली सुरी घेतली. मी शरमेने अर्धमेली. काकू एक सेकंद बघत राहिल्या. सासूबाईंनी ताटली डाव्या तळव्यावर घेतली, फिरवत फिरवत कडेपर्यंत इतकं सारखं पसरवलं की काकूंनी बोट लावून जाडी बघितली आणि पुढची ताटली सरकवली. मग दुसरी. आठ ताटल्या सासूबाईंनी केल्या. गार झाल्यावर कडेने पापुद्रा उचलून अख्खी चकती सोलायची, चार तुकडे करायचे, तळायचे, वर लिंबू, आणि तिळाच्या पावात घालून खायचं. म्हणजे पावात पाटवडी. छान लागतं, खुसखुशीत कडा आणि आत मऊ. सासूबाईंनी फोडणी नसल्याबद्दल खंत व्यक्त केली, पर्समध्ये हिंग नव्हता म्हणून बरं.

आणि एक गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. सिसिलीत 'नाही' म्हणायला मान आडवी हलवत नाहीत, हनुवटी जरा वर करतात आणि जिभेने 'च्च' करतात. आपण करतो तसं! काकूंनी विचारलं अजून मीठ? सासूबाई, "च्च." सासूबाईंनी मिरची दाखवली, काकू, "च्च." दोघी तासभर ह्या एका अक्षरावर बोलत होत्या आणि दोघींना सगळं कळत होतं.

दुसरा पदार्थ कापोनाता. वांगी तळून, सेलरी उकळून, कांदा, टोमॅटो, ऑलिव्ह, खारवलेले केपर्स, आणि शेवटी व्हिनेगर-साखर, म्हणजे आंबटगोड. ही गार खायची आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, त्यामुळे आम्ही केलेली आम्हाला मिळालीच नाही, काकूंनी आदल्या दिवशी केलेली वाढली. चव अप्रतिम, पण इथे तिसरी तक्रार नोंदवते. 'स्वतःच्या हाताने करा' अशी जाहिरात होती. नऊ माणसं, चार बर्नर. मी एकूण किती काम केलं तर सेलरी चिरली. दोन जर्मन मुलांनी ऑलिव्हच्या बिया काढल्या. बाकी सगळे वाइनचा ग्लास धरून उभे. सासूबाई सोडल्या तर ८५ युरो कुणाचेही हाताने वसूल झाले नाहीत.

आता मुख्य भांडण. पास्ता. पालेर्मोचा प्रसिद्ध पास्ता सार्डिन माशांचा असतो, त्यात रानबडीशेपेचा पाला, बेदाणे, चिलगोजासारख्या पाइनच्या बिया, केशर. बुकिंगमध्ये 'शाकाहारी पर्याय उपलब्ध' असं होतं आणि भाचीने मोठ्या कौतुकाने सांगितलं की आमच्यासाठी 'सार्दी आ मारी' करणार आहेत. शब्दशः अर्थ, सार्डिन समुद्रात. म्हणजे गरिबांचा पास्ता, मासे परवडत नाहीत तर बाकी सगळं घालायचं आणि मासे समुद्रातच आहेत असं म्हणायचं. किती गोड नाव! मी फोटो काढला, स्टेटस टाकलं. रानबडीशेप फ्रीजरमधली होती, सिझन नव्हता, चालतं. आणि मग कांदा परतताना काकूंनी एक छोटी बाटली उघडली, दोन तुकडे तेलात टाकले, चमच्याने दाबले, अर्ध्या मिनिटात विरघळून गेले. मी विचारलं काय ते. अँकोव्ही.

मी म्हटलं, तो मासा आहे. काकू म्हणाल्या, च्च. भाचीमार्फत समजावलं की तो मासा नाही, तो चवीपुरता आहे, आणि आता तर दिसतही नाहीये. खरं सांगते, त्यांचा चेहरा इतका निरागस होता की मला रागच येईना. आपल्याकडे नाही का लग्नात आग्रह करतात, 'पीस बाजूला काढतो, तू नुसता रस्सा घे'? तेच. त्यांच्या लेखी शाकाहारी म्हणजे ज्याला माशाचा तुकडा नको. पण कंपनीने 'शाकाहारी' लिहिताना काकूंना त्याचा अर्थ सांगायला नको का? तीस टक्के आगाऊ पैसे घेणारे ते, आणि तोंड पडलं ते काकूंचं. कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, दुसरी कढई घेतली आणि दहा मिनिटांत फक्त लसूण, तेल, बेदाणे, बडीशेप घालून वेगळा पास्ता केला, वर पावाचा भाजलेला चुरा भुरभुरला. हा चुरा म्हणजे गरिबांचं चीज, चीज परवडत नसे तेव्हा हाच. सासूबाईंना तो चुरा इतका आवडला की त्यांनी तो दोनदा मागून घेतला, शेंगदाण्याच्या कुटासारखा लागतो म्हणे.

गोडाला कान्नोली, म्हणजे तळलेल्या नळीत भरलेलं गोड सारण. नळ्या विकतच्या होत्या (हाताने करा, आठवतंय ना), आणि एकदा पोळल्यामुळे मी आधीच विचारलं, पिठात मोहन कशाचं? डुकराच्या चरबीचं. पारंपरिक नळीत तेच असतं, तेव्हा शाकाहारी लोकांनो, फक्त इथेच नाही, सिसिलीत कुठेही विचारून घ्या. आम्ही आतलं सारण वाटीत घेतलं. मेंढीच्या दुधाचा रिकोत्ता (मऊ, ताजं चीज) रात्रभर निथळवून, साखर घालून, चाळणीवर घासून गुळगुळीत केलेला. सासूबाईंनी एक चमचा खाल्ला. "श्रीखंड. वेलची राहिली." ह्यापुढे मी काय वर्णन करणार. नळीवाल्यांसाठी एकच, सारण आयत्या वेळी भरतात तीच दुकानं चांगली, काचेमागे भरून ठेवलेली मऊ पडतात.

जेवण अडीचला सुरू झालं आणि साडेचारपर्यंत चाललं. ताट रिकामं दिसलं की काकू वाढणार, नको म्हटलं तर आजारी आहेस का विचारणार. पावाची लादी टेबलावर उलटी पडली होती ती त्यांनी बोलता बोलता सुलटी केली, पाव पालथा ठेवणं अपशकुन, अन्नाचा अपमान. जेवणानंतर एका जर्मन मुलाने कॅपुचिनो मागितला तेव्हा भाचीचा चेहरा बघण्यासारखा होता. दुधाची कॉफी सकाळीच, जेवणावर फक्त छोटी काळी.

जेवणाच्या खोलीत कपाटावर एक टोपली झाकून ठेवली होती. लेकीने उचकून बघितलं (ओरडले मी). आत बदामाच्या पिठाची फळं, मार्तोराना, हुबेहूब पीच, लिंबू, त्या निवडुंगाच्या बोंडावरचे डागसुद्धा, आणि साखरेचा रंगवलेला एक शिलेदार. नातवंडांसाठी. २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो, आणि आदल्या रात्री घरातले गेलेले आजी-आजोबा येऊन पोरांना खाऊ-खेळणी ठेवून जातात, पोरं सकाळी उठून घरभर शोधतात. आणि त्या रात्री किसणी लपवून ठेवायची, कारण वर्षभर दंगा केलेल्या पोरांचे पाय मृत लोक किसणीने किसतात! लेक एकदम गप्प. सासूबाईंना मी सगळं मराठीत सांगितलं. त्या बराच वेळ भिंतीवरच्या काकूंच्या नवऱ्याच्या फोटोकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, "आपण पितरांना वाढतो. इथे पितर पोरांना वाढतात होय." आणि टोपलीवरचं फडकं नीट केलं.

निघताना सासूबाईंनी लेकीला सांगितलं, ह्या आजींना नमस्कार कर. ती वाकली. काकू दचकल्या, मागे सरकल्या, मग कळल्यावर डोळ्यांत पाणी. त्यांच्या लहानपणी थोरांना भेटलं की 'सा बेनेरीका' म्हणायचे, म्हणजे आशीर्वाद द्या, आणि मोठी माणसं उत्तर द्यायची 'सांतू ए रिक्कू', संत हो आणि श्रीमंत हो. आईवडिलांना सुद्धा 'वोसिया' म्हणायचे, आपल्या 'आपण'सारखं. आता कोणी म्हणत नाही, भाची त्यांना नुसतं 'चाओ' म्हणते, आपल्या हाय-बायसारखं. काकूंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ते पूर्ण म्हटलं. नवरा हळूच म्हणाला, दोन्ही एकदम कसं जमायचं?

मग चकल्यांचा डबा निघाला. काकूंनी एक चकली हातात धरून उजेडात फिरवली, त्यातल्या तिळावर नख ठेवलं आणि म्हणाल्या, "जुज्जुलेना!" तिळाला तिकडचा शब्द, अरबीतून आलेला, पालेर्मो ८३१ पासून १०७२ पर्यंत अरबांकडे होतं तेव्हाचे असे बरेच शब्द भाषेत राहिलेत. चकल्या त्यांनी बरणीत ओतल्या, डबा धुतला, पुसला, आत गेल्या आणि भरून आणला. तीळ आणि मधाची कडक वडी, 'कुब्बाइता'. चिक्कीच, थोडी दातांना चिकटणारी. सासूबाई पूर्ण जिना उतरेपर्यंत बोलल्या नाहीत, खाली आल्यावर एवढंच म्हणाल्या, "रिकामा डबा परत दिला नाही हो बाईने."

कंपनीला मेल केली. लिफ्ट, नऊ माणसं, अँकोव्ही, तिन्ही मुद्दे फोटोसकट. आठ दिवसांनी उत्तर आलं, क्षमस्व वगैरे, आणि पुढच्या बुकिंगवर दहा टक्के सूट. काकूंकडे परत जायचं असेल तर थेट भाचीला मेसेज करा असं भाचीनेच सांगितलंय, तसं केलं तर आदल्या दिवशी 'अँकोव्ही पण नको, चरबी पण नको' हे दोन वेगळे शब्द म्हणून लिहा, 'शाकाहारी' एवढं लिहून भागत नाही. गुडघे दुखत असतील तर बाजाराची फेरी तेवढी करा. बाल्लारोत फिरायला कोणाचे ८५ युरो लागत नाहीत, सकाळी नऊला जा, दुपारनंतर निम्मे गाळे आवरलेले असतात.